गणित-संख्याशास्त्रातल्या तत्त्वांना सिद्धता लागते का?

प्रश्न थोडक्यात असा. एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी माध्यम, मग पीयूसी (अकरावी-बारावी), आता डिग्रीला गणित आणि संख्याशास्त्र. पुस्तकात प्रमेय आलं की खाली सिद्धता येते. पण विगमनाचं तत्त्व, मोजणीचं तत्त्व, पिजनहोल तत्त्व, लीस्ट स्क्वेअर्सचं तत्त्व, लाइकलिहूडचं तत्त्व यांच्याखाली बहुतेकदा काहीच नसतं. चौकटीत विधान छापायचं आणि पुढच्या ओळीपासून उदाहरणं सुरू. मग तत्त्वाला सिद्धता लागतच नाही का? लागत असेल तर ती कुठं असते?

नुसत्या 'तत्त्व' या नावावरून काहीच ठरत नाही. कुठल्या विधानाला तत्त्व म्हणायचं याला गणितात काही धरबंध नाही. ज्याला जे नाव चिकटलं ते चिकटलं. त्यामुळे या एका नावाखाली तीन जातींची विधानं नांदतात. काही सरळसरळ प्रमेयं आहेत. ती सिद्ध करता येतात आणि करायलाच हवीत. काही गृहीतकं आहेत. बाकीचं सगळं त्यांच्यावर रचलेलं असल्यामुळे त्याच मांडणीत राहून त्यांची सिद्धता मागता येत नाही. आणि काही, विशेषतः संख्याशास्त्रात, खरं-खोटं ठरवण्याजोगी विधानंच नसतात. 'अंदाज असा काढा', 'प्रयोग असा मांडा' असं सांगणारी ती पद्धत किंवा शिस्त असते. पद्धत सिद्ध होत नाही. पद्धतीबद्दलची विधानं सिद्ध होतात. समोर आलेलं तत्त्व या तिघांपैकी कुठल्या जातीचं, हे आधी ओळखायचं. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

विगमनापासून सुरू करू. विधान १ साठी खरं आहे, आणि ते क साठी खरं असेल तर क+१ साठीही खरं ठरतं; मग ते सगळ्या नैसर्गिक संख्यांसाठी खरं. पेआनोने १८८९ मध्ये नैसर्गिक संख्यांची गृहीतकं मांडली, त्यांत हे एक गृहीतक म्हणूनच आहे. त्या मांडणीत 'विगमन सिद्ध करा' या मागणीला अर्थ नाही.

आता मांडणी बदला. समजा विगमनाऐवजी आपण हे गृहीत धरलं: नैसर्गिक संख्यांच्या कुठल्याही रिकाम्या नसलेल्या संचात एक सर्वांत लहान संख्या असतेच. आणि १ सोडून प्रत्येक संख्येच्या आधी एक संख्या असते. आता विगमन सिद्ध होतं. ज्या संख्यांसाठी विधान खोटं पडतं त्यांचा संच घ्या. तो रिकामा नसेल तर त्यात सर्वांत लहान अशी म असेल. म ही १ नाही, कारण १ साठी विधान खरं आहे. म्हणजे म−१ ही नैसर्गिक संख्या आहे, आणि ती म पेक्षा लहान असल्यामुळे तिच्यासाठी विधान खरं. पण म−१ साठी खरं तर म साठीही खरं, इथे विसंगती. म्हणून तो संच रिकामाच. चार ओळींचं काम. उलट दिशेने विगमन धरून 'लहानात लहान संख्या असते' हेही सिद्ध करता येतं. संचसिद्धान्तात तर नैसर्गिक संख्यांचा संच म्हणजे सुरुवातीची संख्या असलेला आणि पुढची-पुढची संख्या घेत गेलं तरी बाहेर न पडणारा सर्वांत लहान संच, अशी व्याख्याच करतात. तिथे विगमन व्याख्येतूनच ओघाने येतं. पण असा अनंत संच मुळात आहे, हे एक गृहीतक घ्यावं लागतं. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. काहीतरी धरल्याशिवाय सिद्धता सुरूच होत नाही. काय धरायचं याची निवड तेवढी आपल्याकडे असते. म्हणून 'विगमनाला सिद्धता लागते का' याला हो किंवा नाही असं सुटं उत्तर नाही. तुमच्या पुस्तकाने नैसर्गिक संख्या कशा उभ्या केल्या आहेत ते बघून उत्तर द्यायचं.

विगमन वापरताना मात्र सवलत नाही. दोन्ही पायऱ्या लागतात, आणि पहिली पायरी 'उघड आहे' म्हणून सोडली तर काय होतं ते एका उदाहरणात लख्ख दिसतं. दावा असा: १ + २ + … + न = (२न + १)² ÷ ८. दुसरी पायरी करून बघा. दोन्ही बाजूंना न+१ मिळवलं की उजवीकडे (४न² + ४न + १ + ८न + ८) ÷ ८ येतं, म्हणजे (४न² + १२न + ९) ÷ ८, म्हणजे (२न + ३)² ÷ ८. हे तर सूत्रात न च्या जागी न+१ घातल्यावर येतं तेच. पायरी बिनचूक आहे! आणि सूत्र एकाही संख्येसाठी खरं नाही. न = १ घातलं तर डावीकडे १, उजवीकडे ९ ÷ ८. खऱ्या बेरजेपेक्षा हे सूत्र प्रत्येक वेळी अगदी एक अष्टमांशाने जास्त येतं, आणि ती चूक दुसऱ्या पायरीत जशीच्या तशी पुढे सरकत राहते, म्हणून तिथे पकडली जात नाही. पेपर तपासताना पहिली पायरी नसलेल्या उत्तराचे गुण कापतात, ते उगीच नव्हे.

उलट चूकही तितकीच होते: पाच-पन्नास उदाहरणं तपासायची आणि 'म्हणून सगळीकडे खरं' म्हणायचं. न² + न + ४१ ही राशी न = ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या देते. सलग चाळीस वेळा. न = ४० ला ती १६८१ होते, आणि १६८१ म्हणजे ४१ × ४१. उदाहरणं तपासणं हे अंदाज बांधायला उत्तम. पण ते विज्ञानातलं विगमन झालं, गणितातलं नव्हे.

मोजणीचं गुणाकार तत्त्व ही पहिल्या जातीची गोष्ट आहे. एक काम अ प्रकारांनी, आणि मग दुसरं ब प्रकारांनी होत असेल तर दोन्ही मिळून अ × ब प्रकारांनी. हे प्रमेय आहे. विगमनानेच सिद्ध होतं. सिद्धता वाचायची ती तिच्यातल्या अटींसाठी. पहिली अट: पहिल्या कामात काहीही निवडलं तरी दुसऱ्या कामाचे प्रकार ब इतकेच राहिले पाहिजेत. दुसरी: दोन वेगळ्या वाटांनी एकच निकाल येता कामा नये. दुसरी अट सर्रास मोडली जाते. मंडळाच्या कार्यकारिणीत ५ पुरुष आणि ४ महिला, त्यांतून तिघांची समिती निवडायची, किमान एक महिला हवी. पुष्कळ मुलं लिहितात: आधी एक महिला, ४ प्रकार, मग उरलेल्या ८ जणांतून दोघं, २८ प्रकार, एकूण ११२. बरोबर उत्तर ७४ आहे: ९ मधून ३ म्हणजे ८४, त्यातून फक्त पुरुषांच्या १० समित्या वजा. मग ११२ आले कुठून? एक महिला असलेल्या समित्या ४०, त्या एकदाच मोजल्या गेल्या. दोन महिलांच्या ३०, त्या दोनदा, कारण दोघींपैकी कुणालाही 'आधीची' मानता येतं, झाल्या ६०. तिन्ही महिलांच्या ४, त्या तीनदा, झाल्या १२. ४० + ६० + १२ = ११२. हिशेब पैशापर्यंत जुळतो.

पिजनहोल तत्त्वही प्रमेयच. डिरिखलेच्या नावाने ते ओळखलं जातं. त्याने १८३४ मध्ये ते वापरलं. खणांपेक्षा वस्तू जास्त असतील तर किमान एका खणात दोन वस्तू येणार. सिद्धता एका वाक्याची: प्रत्येक खणात जास्तीत जास्त एकच वस्तू असती, तर एकूण वस्तू खणांच्या संख्येहून जास्त झाल्या नसत्या. इतकं उघड विधान सिद्ध कशाला करायचं, असं वाटतं. पण या विधानाचा उपयोग नेमका कुठपर्यंत आहे, हे त्या वाक्यावरूनच कळतं. आपल्याकडच्या उसाच्या हंगामातलं उदाहरण घेऊ.

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी या भागात हंगामात काट्याच्या पावत्यांवरून नेहमी एक शंका निघते: दोन वेगळ्या खेपांचं वजन अगदी दहा किलोपर्यंत सारखं कसं? काटामारी तर नाही? हिशेबासाठी धरू की उसाचं निव्वळ वजन ८ ते २० टन यांच्यामध्ये येतं आणि काटा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो. मग शक्य वजनं १,२०१. पिजनहोल तत्त्व सांगतं की १,२०२ खेपा झाल्या की कुठल्यातरी दोन पावत्यांवर एकच आकडा असणारच. इथे नशीब, प्रामाणिकपणा, काट्याची कंपनी, कशाचाही संबंध नाही. हंगामात ३०,००० खेपा आल्या तर किमान एक वजन तरी २५ पावत्यांवर असणार, कारण प्रत्येक वजन जास्तीत जास्त २४ वेळा आलं असतं तर एकूण खेपा २८,८२४ पलीकडे गेल्या नसत्या.

ही झाली खात्री. आता शक्यतेकडे या, म्हणजे गणित आणि संख्याशास्त्र यांच्यातली सीमा दिसेल. सगळी १,२०१ वजनं सारख्याच शक्यतेची आणि खेपा एकमेकींपासून स्वतंत्र असं धरलं, तर दोन पावत्या जुळण्याची शक्यता निम्म्यापेक्षा जास्त व्हायला १,२०२ नव्हे, फक्त ४२ खेपा पुरतात. एका दिवसात त्यापेक्षा जास्त खेपा होतात. 'असं धरलं तर' या शब्दांनंतर आलेला भाग सिद्ध झालेला आहे. पण धरलं ते खरं आहे का? नाहीच. ट्रॉल्या एकसारख्या भरल्या जातात, वजनं मधल्या पट्ट्यात गोळा होतात. तेव्हा आणखी एक प्रमेय कामाला येतं: वजनं समान शक्यतेची नसतील, तर जुळणी होण्याची शक्यता वाढते, घटत नाही. म्हणजे इथे चुकीचं गृहीतकसुद्धा आपल्या निष्कर्षाला धक्का लावत नाही, ही नशिबाची गोष्ट. एरवी असं होत नाही. निष्कर्ष एवढाच की जुळलेल्या दोन पावत्या हा काटामारीचा पुरावा नव्हे. काटामारी नाही, असं मात्र यातून अजिबात सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासायचा, किंवा तीच भरलेली ट्रॉली लगेच दुसऱ्या काट्यावर न्यायची. ते काम गणिताच्या वहीत होत नाही.

गृहीतकांबद्दल फार लांबण लावत नाही. समांतर रेषांचं युक्लिडचं पाचवं गृहीतक इतर चारांवरून सिद्ध करण्यात दोन हजार वर्षं गेली. लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये आणि बोल्याईने १८३२ मध्ये ते नाकारून दुसरी भूमिती उभी केली. बेल्ट्रामीने १८६८ मध्ये तिची प्रतिकृती दाखवली आणि 'सिद्ध होत नाही' हेच पक्कं झालं. निवडीच्या गृहीतकाचं (रिकामे नसलेले कितीही संच दिले तरी प्रत्येकातून एकेक घटक निवडता येतो) तेच: संचसिद्धान्ताची बाकीची गृहीतकं सुसंगत असतील तर ते धरल्याने विसंगती येत नाही हे गडेलने १९३८ मध्ये दाखवलं, आणि ते बाकीच्यांवरून सिद्धही होत नाही हे कोहेनने १९६३ मध्ये. तेव्हा गृहीतकाला सिद्धता नसली म्हणून ते मोकाट सुटलेलं नसतं. बाकीच्यांशी ते भांडतं का आणि बाकीच्यांवरूनच निघतं का, ही तपासणी त्याची होतेच.

खरा धोका असतो तो मधल्या विधानांचा: प्रमेय असायला हवं, पण गृहीतकासारखं वापरलं गेलं. याचं ठळक उदाहरण म्हणजे डिरिखलेचं दुसरं एक तत्त्व, पिजनहोलशी त्याचा संबंध नाही. विशिष्ट सीमाअटी पाळणाऱ्या फलनांमध्ये एक ऊर्जाराशी कमीत कमी करणारं फलन असतंच, असं ते म्हणतं. राशी ऋण होत नाही, म्हणजे खाली कुठेतरी थांबणार, म्हणजे किमान किंमत मिळणारच, असा विचार. रीमानने १८५१ च्या प्रबंधात यावर मोठं काम उभं केलं. १८७० मध्ये वायरश्ट्रासने दाखवलं की असा विचार चालत नाही: त्याच धर्तीच्या एका राशीची किंमत शून्याच्या हवी तितकी जवळ जाते, पण शून्य कधीच होत नाही. सोप्या रूपात सांगायचं तर १, १/२, १/३, १/४… या संख्या शून्याखाली जात नाहीत, पण त्यांच्यात सर्वांत लहान अशी कुठलीच नाही. रीमानचे निष्कर्ष बहुतांशी खरे निघाले, पण त्यांच्याखालचा आधार निघून गेला होता; १९०० च्या सुमारास हिल्बर्टने योग्य अटी घालून ते तत्त्व सिद्ध केलं, तेव्हा कुठे पुन्हा आधार मिळाला. उघड दिसतं म्हणून सोडून द्यायचं नाही, ते यासाठी. (आपल्याकडेही नियम सांगून थांबण्याची रीत सगळ्यांना मान्य नव्हती. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ १५४५ मध्ये 'लीलावती'वर टीका लिहिताना नियमांमागच्या उपपत्ती देत होते.)

संख्याशास्त्रात शिरताना एक जास्तीचं दार लागतं. कोल्मोगोरोव्हने १९३३ मध्ये संभाव्यतेची गृहीतकं मांडली: संभाव्यता ऋण नसते, एकूण १ असते, आणि एकमेकांत न मिसळणाऱ्या घटनांच्या संभाव्यतांची बेरीज होते. यातून पुढचं सगळं शुद्ध गणित. पण शेतातल्या, कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या आकड्यांना हे गणित लागू होतं का, हा प्रश्न त्या गणिताच्या बाहेरचा. संख्याशास्त्रातली जवळजवळ सगळी भांडणं याच दारात होतात.

'काही माहिती नसेल तर सगळ्या शक्यता समान धरा' हे तत्त्व बघा. फासा आणि पत्त्यांपुरतं ते ठीक चालतं. बेळगाव ते गोकाक प्रवासाला लावून बघू. हिशेबाला अंतर ६० किलोमीटर धरू. गाडीला एक ते दोन तास लागतात, यापलीकडे काही माहीत नाही. दीड तासाच्या आत पोचण्याची शक्यता किती? वेळ समान शक्यतेचा धरला तर निम्मी. पण एक ते दोन तास म्हणजे ताशी ६० ते ३० किलोमीटर वेग, आणि दीड तासाच्या आत म्हणजे वेग ४० पेक्षा जास्त. वेग समान शक्यतेचा धरला तर ३० पैकी २०, म्हणजे दोन तृतीयांश. एकच तत्त्व, एकच अज्ञान, दोन उत्तरं. बर्ट्रांडने १८८९ मध्ये वर्तुळाच्या जीवेवर असाच पेच टाकला, तिथे तीन उत्तरं येतात. तेव्हा हे तत्त्व त्याच्या मोकळ्या रूपात सिद्ध होण्याची शक्यताच नाही. परस्परविरोधी निकाल देणारं विधान प्रमेय होत नाही. सममिती दाखवता आली, म्हणजे फाशाच्या बाजू अदलाबदल करूनही काही फरक पडत नाही अशी स्थिती असली, तरच त्याला आधार मिळतो.

मोठ्या संख्यांचा नियम मात्र प्रमेय आहे. याकोब बर्नुलीची सिद्धता १७१३ मध्ये छापली गेली. नमुना वाढवत नेला की सरासरी खऱ्या मध्याजवळ येते. लोक निष्कर्ष लक्षात ठेवतात आणि अट विसरतात: निरीक्षणं स्वतंत्र हवीत. साखर उतारा काढायला एकाच ट्रॉलीतले ५० ऊस घेतले तर ती ५० स्वतंत्र निरीक्षणं होत नाहीत. एकाच शेतातला, एकाच दिवशी तोडलेला, एकाच पाण्याचा ऊस तो. एका ट्रॉलीतल्या उसांमधला आपसातला सहसंबंध ०.२ धरला तर सरासरीचं प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे विखुरलेपणाचं माप) १ + ४९ × ०.२ = १०.८ पट होतं. ५० उसांना मोल साडेचारपेक्षा थोड्या जास्त उसांचं. ४ ट्रॉल्यांतून ५० प्रमाणे २०० ऊस घेतले तरी ते साडेअठरा. ४० ट्रॉल्यांतून प्रत्येकी ५ घेतले तर तेच २०० ऊस १११ च्या तोडीचे होतात. तोडलेला ऊस तेवढाच, मेहनत थोडी जास्त, माहिती सहापट. नियम चुकला नव्हता. त्याची अट पाळली गेली नव्हती.

लीस्ट स्क्वेअर्स ही पद्धत आहे. लजांद्रने १८०५ मध्ये ती छापली ती सोयीची म्हणून: चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल असा अंदाज घ्या. यात सिद्ध करण्याजोगं काही नाही, जसं 'चहात साखर दोन चमचे' यात नाही. सिद्ध होतात ती पुढची विधानं. एका राशीच्या अनेक मोजण्या असतील तर वर्गांची बेरीज सरासरीपाशी कमीत कमी होते. कुठल्याही दुसऱ्या संख्येपाशी ती वाढते, आणि किती? मोजण्यांची संख्या गुणिले सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग, अगदी तेवढीच. गाउसने १८२० च्या दशकात सिद्ध केलं ते याहून मोठं: चुकांचा मध्य शून्य, सगळ्यांचं प्रचरण सारखं आणि चुका परस्परांशी असंबंधित असतील, तर पक्षपात नसलेल्या सगळ्या रेषीय अंदाजांमध्ये लीस्ट स्क्वेअर्सचा अंदाज सर्वांत कमी हलतो. 'रेषीय' आणि 'पक्षपात नसलेल्या' हे दोन शब्द परीक्षेत गाळू नका. प्रमेयाचा जीव त्यांच्यात आहे.

अट मोडली की काय होतं? बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत पाच कास्टिंगची वजनं लिहिली: २.४, २.५, २.५, २.६ किलो आणि पाचव्याला दशांशचिन्ह राहिल्यामुळे २५. सरासरी ७.० किलो. पाचांपैकी एकही कास्टिंग ७ किलोच्या आसपास नाही. वर्गांऐवजी नुसत्या अंतरांची बेरीज कमीत कमी केली तर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) मिळतो, २.५. इथे 'लीस्ट स्क्वेअर्स खोटं ठरलं' म्हणायचं नाही. या आकड्यांना ती पद्धत लावायची नव्हती एवढंच.

प्रयोगमांडणीत फिशरने तीन तत्त्वं ठेवली: यादृच्छिक वाटणी, पुनरावृत्ती, स्थानिक नियंत्रण (सारख्या वाफ्यांचे गट करून गटातल्या गटात तुलना). ही शिस्तीची तत्त्वं, पण पहिल्याची एक खासियत आहे. एरवी गृहीतक खरं असेल अशी आशा धरायची असते. इथे ते आपण हाताने खरं करतो. खानापूर भागात ओढ्याकडे उतरत्या जमिनीवर भाताचे ८ वाफे आहेत. ४ वर नेहमीचं इंद्रायणी, ४ वर नवं वाण. खालच्या चार वाफ्यांत ओल जास्त टिकते. नवं वाण तिथेच लावलं तर फरक वाणाचा की ओलीचा हे कुठलीही सिद्धता, कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. त्याऐवजी १ ते ८ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि न बघता ४ उचला. शक्य वाटण्या ७०, आणि प्रत्येक वाफा त्यांपैकी बरोबर ३५ मध्ये नव्या वाणाकडे जातो. त्यामुळे सगळ्या ७० वाटण्यांवर मिळून दोन सरासऱ्यांमधला फरक खऱ्या सरासरी फरकाइतकाच येतो. जमीन कशीही असो, उत्पन्नाचं वितरण कसंही असो. ही सिद्धता फक्त चिठ्ठ्यांवर उभी आहे. आणि नव्या वाणाचे चारही वाफे जुन्याच्या चारही वाफ्यांपेक्षा सरस निघाले, तर दोन्ही वाणं मुळात सारखी असताना असं नुसत्या चिठ्ठ्यांमुळे होण्याची शक्यता ७० मध्ये १, म्हणजे ०.०१४.

स्थानिक नियंत्रणाचा इथे एक फटका बसतो, तो मांडणी करतानाच लक्षात घ्यायचा. उतारानुसार दोन-दोन वाफ्यांच्या ४ जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवलं तर उताराचा फरक जातो, पण शक्य वाटण्या १६ च उरतात. चारही जोड्यांत नवं वाण जिंकलं तरी शक्यता १/१६, म्हणजे ०.०६२५, पाच टक्क्यांची रेघ (शक्यता याहून कमी असली तरच फरक खरा मानायची रूढ मर्यादा) गाठताच येत नाही. निदान ५ जोड्या हव्यात, मग १/३२ म्हणजे ०.०३१. पीक कापून झाल्यावर हे कळून उपयोग नाही. शिवाय एक गोष्ट चिठ्ठ्यांनाही जमत नाही: एका वाफ्याचं खत-पाणी बांधाखालून शेजारच्या वाफ्यात झिरपलं तर वाटणी कितीही यादृच्छिक असो, हिशेब बिघडतो. बांध पक्के करा, कडेच्या ओळी मोजणीतून सोडा.

शेवटी लाइकलिहूडचं तत्त्व, सगळ्यात वादाचं. लाइकलिहूड म्हणजे अज्ञात राशीची एकेक किंमत धरली तर हाती आलेले आकडे मिळण्याची शक्यता किती, ते सांगणारं फलन. आकड्यांमधला पुरावा पूर्णपणे लाइकलिहूडमध्ये असतो. दोन प्रयोगांची लाइकलिहूड फलनं एकमेकांच्या पटीत असतील तर पुरावा सारखाच, असं ते म्हणतं. निम्मंच बी उगवतं, हा समज तपासायचा आहे. एकाने १२ बिया घ्यायच्या ठरवून ९ उगवल्या, ३ नाही. दुसऱ्याने तिसरं बी फुकट जाईपर्यंत एकेक लावत जायचं ठरवलं, आणि योगायोगाने बाराव्याला थांबला: ९ उगवल्या, ३ नाही. लाइकलिहूड दोघांचंही एकाच आकाराचं. पण पहिल्याचं पी-मूल्य (समज खरा असताना असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता) २९९/४०९६, म्हणजे ०.०७३, आणि दुसऱ्याचं ६७/२०४८, म्हणजे ०.०३३. पाच टक्क्यांच्या रेघेवर एक इकडे, एक तिकडे. लाइकलिहूडचं तत्त्व मानणारा म्हणेल की हा फरकच चुकीचा. पी-मूल्य वापरणारा म्हणेल की कधी थांबायचं ठरलं होतं हा पुराव्याचाच भाग. बर्नबाउमने १९६२ मध्ये दाखवलं की पर्याप्ततेचं (सगळी माहिती टिकवणारा सारांश हाती असेल तर बाकीचे आकडे लागत नाहीत) आणि अटीयुक्ततेचं (जो प्रयोग प्रत्यक्ष झाला तेवढाच धरायचा) अशी दोन तुलनेनं साधी तत्त्वं मानली तर लाइकलिहूडचं तत्त्व मानावंच लागतं. त्या सिद्धतेतल्या मांडणीवर आजही वाद आहे. तो बाजूला ठेवला तरी 'हे मानलं तर ते मानावं लागतं' यापुढे सिद्धता जात नाही. आधीची दोन मानायची का, हा निर्णयाचा भाग. म्हणून प्रॉजेक्टच्या वहीत थांबण्याचा नियम पहिल्याच पानावर, आकडे यायच्या आधी लिहून ठेवा. वाचणारा कुठल्याही पंथाचा असला तरी त्याला लागेल ते त्यात असेल.

परीक्षेपुरतं: विगमन, गुणाकार तत्त्व, पिजनहोल ही वापरताना पुन्हा सिद्ध करायची गरज नाही, नाव घेऊन वापरा, पण पिजनहोलमध्ये खण कोणते आणि वस्तू कोणत्या हे स्पष्ट लिहा, गुण तिथेच असतात. 'सिद्ध करा' असं विचारलं असेल तर पहिल्या ओळीत काय धरलं ते लिहा. संख्याशास्त्राच्या पेपरात प्रमेयाच्या अटी विधानासोबतच लिहा, आणि प्रॅक्टिकलच्या वहीत त्यातली प्रत्येक अट कशी तपासली ते: अवशेषांचा (निरीक्षण आणि अंदाज यांतल्या फरकांचा) आलेख काढला का, वाटणी चिठ्ठीने की कॉम्प्युटरने, नमुने किती ट्रॉल्यांतून. 'न ३० पेक्षा जास्त म्हणून प्रसामान्य (नॉर्मल)' एवढं लिहून पुढे जाऊ नका. तो कामचलाऊ अंदाज आहे, त्याची कुठे सिद्धता नाही, आणि एकीकडे लांब शेपूट असलेल्या आकड्यांना ३० च काय, ३०० सुद्धा कमी पडू शकतात.